थेट कॅसिनोतील पोकर आणि नवशिका खेळाडू : शिरोली औद्योगिक परिसराच्या संदर्भात एक विवेचन

सारांश

पोकर हा पत्त्यांचा खेळ भारतात मोबाइल व दूरचित्रवाणीच्या माध्यमातून अधिक परिचित झाला. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने पैसे लावून खेळल्या जाणाऱ्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालणारा कायदा संमत केला. त्यानंतर कोल्हापूर परिसरातील ज्या व्यक्तीस हा खेळ पैसे लावून, परंतु कायद्याच्या चौकटीत राहून खेळावयाचा आहे, तिच्यासमोर गोव्यातील कॅसिनो हाच जवळचा पर्याय उरतो. प्रस्तुत लेखात कॅसिनोतील पोकरचे स्वरूप, टेबलावरील रीतिरिवाज, शक्यतेचे गणित आणि पैशाच्या मर्यादा यांचे नवशिक्याच्या दृष्टीने विवेचन केले आहे. कौशल्य व नशीब यांपैकी कोणते अधिक हा वाद बाजूस ठेवला तरी, पहिल्या रात्रीचा निकाल हा नवशिक्याच्या कौशल्याचा पुरावा ठरत नाही, हे लेखाचे मुख्य प्रतिपादन आहे.

बीजसंज्ञा : पोकर, कॅसिनो, संभाव्यता, तीन पत्ती, रेक, शिरोली औद्योगिक वसाहत.

१. प्रस्तावना

कोल्हापूर शहरातून पंचगंगा ओलांडली की पुणे-बंगळूर महामार्गालगत हातकणंगले तालुक्यातील पुलाची शिरोली हे गाव आणि तेथील औद्योगिक वसाहत लागते. फौंड्री, यंत्रकाम आणि त्यांस पूरक असे अनेक लघु व मध्यम उद्योग येथे आहेत. पाळ्यांमध्ये काम करणारा कामगार, पर्यवेक्षक, कंत्राटदार, लघुउद्योजक आणि नुकताच पदविका घेऊन नोकरीस लागलेला तरुण अशा निरनिराळ्या उत्पन्नगटांतील माणसे या वसाहतीत एकत्र येतात. येथून पणजी दोनशेहून थोडे अधिक किलोमीटरवर आहे. आंबोली किंवा फोंडा घाटाने संध्याकाळी निघालेला गट त्याच रात्री मांडवी नदीतील कॅसिनोच्या जहाजावर पोहोचू शकतो.

पत्त्यांचा खेळ या परिसरास नवा नाही. दिवाळीच्या रात्री, गणेशोत्सवातील जागरणात, सहलीच्या बसमध्ये रमी आणि तीन पत्तीचे डाव रंगतात. पोकर मात्र तुलनेने नवा आहे, आणि तो ज्यांनी शिकला त्यांपैकी अनेकांनी तो मोबाइलच्या पडद्यावर शिकला आहे. पडद्यावर पाळी आल्याची सूचना मिळते, रक्कम आपोआप मोजली जाते, चुकीची कृती यंत्रच स्वीकारत नाही. प्रत्यक्ष टेबलावर यांपैकी काहीही नसते. त्यामुळे नियम ठाऊक असलेला मनुष्यही कॅसिनोत प्रथम बसतो तेव्हा नवशिकाच असतो.

औद्योगिक परिसरातील महाविद्यालयांत शिकणारे अनेक विद्यार्थी अशाच कुटुंबांतून येतात. शिक्षणानंतर दोन-तीन वर्षांतच त्यांच्या हाती पहिला नियमित पगार येतो. अशा वेळी केवळ निषेधाचा उपदेश अपुरा ठरतो. खेळाची यंत्रणा समजावून सांगणारी माहिती अध्यापकांपाशी असणे अधिक उपयुक्त होय.

२. कायद्याची चौकट

महाराष्ट्रात १८८७ चा मुंबई जुगार प्रतिबंधक कायदा आजही महाराष्ट्राच्या नावाने लागू आहे. जुगाराचा अड्डा चालविणे आणि अशा अड्ड्यावर जुगारासाठी उपस्थित असणे ही दोन्ही कृत्ये त्याखाली दंडनीय आहेत. राज्याने १९७६ मध्ये कॅसिनोंवर नियंत्रण व कर बसविणारा एक स्वतंत्र कायदा केला होता. तथापि तो कधीच अंमलात आला नाही, आणि २०२३ मध्ये तो रद्द करण्याचा निर्णय राज्य मंत्रिमंडळाने घेतला. म्हणजे महाराष्ट्रात अधिकृत कॅसिनो नाही. एखाद्या फार्महाऊसवर किंवा हॉटेलच्या खोलीत पैसे लावून भरविलेला पोकरचा डाव कितीही सभ्य वातावरणात चालत असला तरी तेथे छाप्याचा धोका असतो, आणि फसवणूक झाल्यास दाद मागण्याची सोयही नसते.

गोव्यात १९७६ चा सार्वजनिक जुगार कायदा आहे. त्यात १९९२ च्या दुरुस्तीने पंचतारांकित हॉटेलांतील यंत्रांवरील खेळांस, आणि १९९६ च्या दुरुस्तीने जहाजांवरील टेबलाच्या खेळांस परवानगीची वाट मोकळी झाली. कॅसिनोतील खेळासाठी किमान वय २१ वर्षे आहे, आणि १ फेब्रुवारी २०२० पासून गोव्यातील स्थानिक रहिवाशांना खेळण्यासाठी प्रवेश बंद करण्यात आला आहे. ज्या राज्यात कॅसिनो आहेत त्या राज्याने स्वतःच्या नागरिकांना तेथे जाण्यास मनाई करावी, ही बाब शेजारच्या जिल्ह्यांतील नागरिकांनी लक्षात घेण्यासारखी आहे.

पोकर हा कौशल्याचा खेळ की नशिबाचा, याविषयी भारतातील न्यायालयांची मते एकसारखी नाहीत. सर्वोच्च न्यायालयाने आंध्र प्रदेश राज्य विरुद्ध के. सत्यनारायण या खटल्यात (१९६७) रमी हा प्रामुख्याने कौशल्याचा खेळ मानला आणि तीन पत्त्यांच्या खेळाहून तो वेगळा असल्याचे सांगितले. पश्चिम बंगालच्या १९५७ च्या कायद्याने पोकरला जुगाराच्या व्याख्येतून वगळले आहे. याउलट गुजरात उच्च न्यायालयाने २०१७ मध्ये पोकरची गणना जुगारातच केली. नवशिक्याने या वादातून एवढाच बोध घ्यावा की, एखादा खेळ कौशल्याचा असणे याचा अर्थ तो खेळणाऱ्या प्रत्येकापाशी ते कौशल्य आहे असा होत नाही.

३. खेळाचे स्वरूप : प्रतिस्पर्धी कोण?

कॅसिनोतील बहुतेक खेळांत खेळाडूची लढत कॅसिनोशी असते. रूलेटचे उदाहरण घेता येईल. एका शून्याच्या चाकावर ३७ घरे असतात आणि एका अंकावर लावलेली रक्कम जिंकल्यास ३५ पट नफा मिळतो. ३७ वेळा प्रत्येकी १०० रुपये लावले तर ३,७०० रुपये जातात. सरासरीने एकदा जिंकल्यास मूळ १०० धरून ३,६०० परत येतात. उरलेले १०० रुपये, म्हणजे सुमारे २.७ टक्के, हा कॅसिनोचा कायमचा हिस्सा होय. कोणतेही कौशल्य तो कमी करू शकत नाही.

पोकरच्या टेबलावर कॅसिनो स्वतः खेळत नाही. पत्ते पिसणारा आणि वाटणारा डीलर हा केवळ संचालक असतो, तर खेळाडू एकमेकांविरुद्ध खेळतात. मध्यभागी जमलेल्या रकमेतून, म्हणजे पॉटमधून, कॅसिनो ठरावीक हिस्सा कापून घेतो. त्यास रेक म्हणतात. म्हणून पोकरमध्ये नवशिका हरतो तो प्रामुख्याने दोन कारणांनी : टेबलावर त्याच्याहून जाणते खेळाडू असतात, आणि प्रत्येक मोठ्या डावातून रेक जातो. महाभारतातील द्यूतसभेत युधिष्ठिराची पहिली चूक फासे टाकण्यापूर्वीच झाली होती. दुर्योधनाच्या वतीने शकुनी खेळणार हे कळूनही तो पटावर बसला. समोर कोण बसले आहे याचा विचार हा पोकरमधील पहिला विचार होय.

येथे एक सावधगिरी आवश्यक आहे. ‘थ्री कार्ड पोकर’, ‘कॅरिबियन स्टड’ अशा नावांचे काही खेळ कॅसिनोत असतात. त्यांच्या नावात पोकर असले तरी त्यांत खेळाडूची लढत कॅसिनोशीच असते आणि रूलेटप्रमाणे कॅसिनोचा हिस्सा त्यांच्या नियमांतच बसविलेला असतो. नवशिक्याने टेबलावर बसण्यापूर्वी ‘येथे खेळाडू एकमेकांविरुद्ध खेळतात का?’ हा प्रश्न विचारावा.

सर्वाधिक प्रचलित प्रकार टेक्सास होल्डेम हा आहे. प्रत्येकास दोन पत्ते झाकून मिळतात. त्यानंतर टेबलाच्या मध्यभागी प्रथम तीन, मग एक आणि शेवटी आणखी एक असे पाच सामाईक पत्ते उघडले जातात. या तीन टप्प्यांस अनुक्रमे फ्लॉप, टर्न आणि रिव्हर अशी नावे आहेत. स्वतःचे दोन व सामाईक पाच अशा सात पत्त्यांतून सर्वोत्तम पाच पत्त्यांची जुळणी करावयाची असते. पत्ते वाटल्यानंतर आणि प्रत्येक टप्प्यानंतर पैसे लावण्याची फेरी होते. खेळाडू आपल्या पाळीस समोरच्याइतकी रक्कम भरू शकतो (कॉल), वाढवू शकतो (रेझ), पत्ते टाकून देऊ शकतो (फोल्ड), अथवा कोणी रक्कम लावलीच नसेल तर पाळी पुढे देऊ शकतो (चेक).

४. तीन पत्तीच्या सवयी आणि पोकर

मराठी खेळाडू पोकरकडे बहुधा तीन पत्तीच्या वाटेने येतो. हा परिचय काही अंशी उपयोगी असला तरी काही बाबतींत तो महागात पडतो.

पहिली बाब जुळण्यांच्या क्रमाची. तीन पत्तीत सिक्वेन्स हा कलरपेक्षा वरचढ असतो, तर पोकरमध्ये एकाच रंगाचे पाच पत्ते, म्हणजे फ्लश, हे क्रमाने आलेल्या पाच पत्त्यांहून, म्हणजे स्ट्रेटहून, वरचढ असतात. यामागे गणित आहे. ५२ पत्त्यांच्या कॅटमधून तीन पत्त्यांचे २२,१०० संच होतात. त्यांत साधे सिक्वेन्स ७२० आणि साधे कलर १,०९६ आहेत. सिक्वेन्स दुर्मिळ म्हणून तो मोठा. पाच पत्त्यांचे संच २५,९८,९६० होतात. त्यांत साधे स्ट्रेट १०,२०० आणि साधे फ्लश ५,१०८ आहेत. येथे फ्लश दुर्मिळ म्हणून तो मोठा. हा फरक विसरून हाती स्ट्रेट असताना सर्व चिप्स पुढे सरकविणारा खेळाडू एकाच डावात रिकामा होऊ शकतो.

पोकरमधील जुळण्यांचा उतरता क्रम आणि पाच पत्त्यांत त्यांची संख्या पुढीलप्रमाणे आहे :

रॉयल फ्लश – ४
स्ट्रेट फ्लश – ३६
चार सारखे पत्ते – ६२४
फुल हाऊस (तीन सारखे व दोन सारखे) – ३,७४४
फ्लश – ५,१०८
स्ट्रेट – १०,२००
तीन सारखे पत्ते – ५४,९१२
दोन जोड्या – १,२३,५५२
एक जोडी – १०,९८,२४०
केवळ मोठा पत्ता – १३,०२,५४०

दुसरी बाब शब्दांची. तीन पत्तीत ‘ब्लाइंड’ म्हणजे पत्ते न पाहता खेळणे. पोकरमध्ये ब्लाइंड म्हणजे पत्ते वाटण्यापूर्वी दोन खेळाडूंनी सक्तीने लावावयाची ठरावीक रक्कम. ती तीन पत्तीतील ‘बूट’च्या जवळची आहे. मात्र बूट सर्वजण भरतात, तर ब्लाइंड दोघेच भरतात आणि प्रत्येक डावाला ती जबाबदारी पुढच्या खेळाडूंकडे सरकते. पत्ते न पाहता खेळल्याने पोकरमध्ये कमी रकमेची सवलत मिळत नाही. त्याचप्रमाणे शेजाऱ्याकडे ‘साइड शो’ मागण्याची सोय पोकरमध्ये नाही.

तिसरी बाब वृत्तीची. घरगुती तीन पत्तीत लगेच पत्ते टाकणारा भित्रा ठरतो आणि त्याची थट्टा होते. पोकरमध्ये मात्र पत्ते टाकणे हीच सर्वाधिक वेळा करावयाची कृती आहे. नवशिक्याने पाचपैकी साधारण चार वेळा आपले दोन पत्ते पहिल्याच फेरीत टाकून द्यावेत, हा व्यवहार्य नियम होय. मोठी जोडी, एक्क्यासोबत राजा किंवा राणी असे निवडक पत्ते तेवढे खेळावेत. शक्यतो ज्या डावात आपली पाळी शेवटी येते त्या डावात अधिक पत्ते खेळावेत, कारण तेव्हा इतरांनी काय केले हे पाहून निर्णय घेता येतो.

५. टेबलावरील रीत

प्रत्यक्ष टेबलावरील बहुतेक नियम फसवणूक टाळण्यासाठी निर्माण झालेले आहेत. त्यांच्या उल्लंघनास ‘मी नवीन आहे’ ही सबब दरवेळी चालत नाही.

पाळी आल्याशिवाय कोणतीही कृती करू नये. आपण पत्ते टाकणार आहोत हे आधीच दाखविले तर मधल्या खेळाडूस अनुचित फायदा मिळतो. तोंडाने उच्चारलेली कृती सामान्यतः बंधनकारक असते. ‘रेझ’ असे म्हटल्यावर विचार बदलता येत नाही. रक्कम वाढवावयाची असल्यास ती आधी स्पष्ट बोलावी किंवा सर्व चिप्स एकाच हालचालीत पुढे ठेवाव्यात. थोड्या चिप्स ठेवून समोरच्याचा चेहरा पाहून पुन्हा हात चिप्सकडे नेणे अमान्य समजले जाते. काहीही न बोलता एकच मोठ्या मूल्याची चिप पुढे ठेवली तर बहुतेक ठिकाणी ती केवळ कॉल मानली जाते.

चिप्स पॉटमध्ये भिरकावू नयेत. त्या स्वतःसमोर नीट ठेवाव्यात, म्हणजे डीलरला मोजता येतात. आपले पत्ते टेबलावरच ठेवावेत आणि त्यांवर एखादी चिप ठेवावी. असुरक्षित पत्ते डीलरने चुकून गोळा केल्यास ते सहसा परत मिळत नाहीत. डाव चालू असताना स्वतःच्या वा टाकलेल्या पत्त्यांविषयी बोलू नये. मागे उभ्या असलेल्या मित्राचा सल्ला घेऊ नये, कारण एका हाताचा निर्णय एकाच व्यक्तीने घ्यावयाचा असतो. वसाहतीतून एकत्र आलेल्या मित्रांनी एकाच टेबलावर बसून आपसांत खुणा करणे किंवा एकमेकांवर मुद्दाम रक्कम न लावणे ही संगनमताची कृती असून त्यासाठी टेबलावरून उठविले जाऊ शकते.

शेवटी पत्ते दाखविताना दोन्ही पत्ते उताणे टेबलावर ठेवावेत. डीलर जुळणी वाचून सांगतो आणि पॉट आपल्याकडे सरकविला जाईपर्यंत पत्ते हातावेगळे करू नयेत. शंका आल्यास डीलरला विचारावे, आणि त्याच्या उत्तराने समाधान न झाल्यास शांतपणे पर्यवेक्षकास बोलावण्याची विनंती करावी. डाव चालू असताना खिशातील पैसे काढून रक्कम वाढविता येत नाही. डावाच्या प्रारंभी टेबलावर जेवढे होते तेवढेच पणाला लागते. हा नियम नवशिक्याचे संरक्षण करणारा आहे.

६. शक्यतेचे गणित

पोकरसाठी आवश्यक असलेले गणित शालेय पातळीचे आहे. एक्क्यांची जोडी सरासरी २२१ डावांत एकदा मिळते. प्रत्यक्ष टेबलावर तासाला सुमारे ३० डाव होतात असे धरले तर सात-आठ तासांच्या संपूर्ण रात्रीत ती एकदा येणे हे सरासरीला धरून होईल. कोणतीही जोडी १७ डावांत एकदा मिळते. दोन वेगवेगळे पत्ते हाती असताना फ्लॉपवर त्यांपैकी किमान एकाची जोडी जमण्याची शक्यता सुमारे एक तृतीयांश असते. म्हणजे तीनपैकी दोन वेळा चांगले दिसणारे पत्तेही कोरडेच राहतात.

रक्कम भरावी की पत्ते टाकावेत हे ठरविण्याची रीत एका उदाहरणाने स्पष्ट होईल. हाती बदामाचे दोन पत्ते आहेत आणि टर्नपर्यंत मध्यभागी आणखी दोन बदाम आले आहेत. एकच पत्ता उघडावयाचा आहे. न पाहिलेले पत्ते ४६ आणि त्यांत उरलेले बदाम ९, म्हणजे फ्लश पूर्ण होण्याची शक्यता १९.६ टक्के. पॉटमध्ये ९०० रुपये असून समोरच्याने ३०० लावले. आपण ३०० भरल्यास पॉट १,५०० होईल, आणि त्यातील आपला वाटा २० टक्के. शक्यता आणि किंमत येथे जवळजवळ सारखी आहे. परंतु समोरच्याने ९०० लावले असते तर २,७०० च्या पॉटसाठी ९०० भरावे लागले असते. एक पंचमांशाहून कमी शक्यतेसाठी एक तृतीयांश किंमत देणे तोट्याचे होय. हा हिशेब न करता ‘एक पत्ता बघू तरी’ म्हणून रक्कम भरत राहणे हे नवशिक्याच्या तोट्याचे सर्वांत मोठे कारण आहे.

तथापि योग्य निर्णय घेऊनही डाव हरता येतो. एक्क्यांची जोडी राजांच्या जोडीविरुद्ध पाचपैकी साधारण चार वेळा जिंकते, म्हणजे पाचव्या वेळी हरते. फौंड्रीत काम करणाऱ्यास ही गोष्ट वेगळी समजावून सांगावी लागत नाही. एखाद्या कास्टिंगमध्ये ब्लो-होल निघाला म्हणून कोणी लगेच वाळूचे मिश्रण बदलत नाही, आणि एक नग निर्दोष निघाला म्हणून प्रक्रिया उत्तम आहे असेही मानत नाही. महिन्याभरातील नगांचे रिजेक्शन किती टक्के, यावरून प्रक्रियेची पारख होते. पोकरमधील कौशल्यही हजारो डावांनंतरच आकड्यांत दिसू लागते. एका रात्रीत अडीचशे डावही पुरते होत नाहीत. म्हणून पहिल्या रात्रीची हार ही अपात्रतेचा पुरावा नाही, आणि पहिल्या रात्रीची जीत ही पात्रतेचा पुरावा नाही. या दोहोंपैकी जीत अधिक धोकादायक होय. हरलेला मनुष्य निदान थांबून विचार करतो, तर जिंकलेला पुढच्या वेळी अधिक रक्कम घेऊन येतो.

७. रेक, कर आणि अन्य खर्च

रेकचा भार डोळ्यांस दिसत नाही, कारण तो प्रत्येक डावातून थोडाथोडा जातो. समजा, एका टेबलावर नऊ खेळाडू आहेत, सरासरी पॉट २,००० रुपयांचा आहे, रेक ५ टक्के आहे आणि तासाला ३० डाव होतात. प्रत्येक डावातून १०० रुपये, तासाला ३,००० आणि सहा तासांत १८,००० रुपये टेबलावरून नाहीसे होतात. याचा अर्थ नऊ समान कौशल्याचे खेळाडू सरासरीने प्रत्येकी २,००० रुपये हरून उठतात. जो बरोबरीत सुटला त्याने प्रत्यक्षात इतरांहून चांगला खेळ केलेला असतो. रेकचा दर आणि प्रत्येक डावातील त्याची कमाल मर्यादा कॅसिनोगणिक बदलते. ती बसण्यापूर्वीच विचारून घ्यावी.

कॅसिनोतील खेळांवर १ ऑक्टोबर २०२३ पासून चिप्सच्या खरेदीमूल्यावर २८ टक्के वस्तू व सेवा कर लागू झाला, आणि २२ सप्टेंबर २०२५ पासून हा दर ४० टक्के करण्यात आला. तो प्रवेशशुल्कात, चिप्सच्या किमतीत की अन्य रीतीने वसूल होतो, हे खिडकीवर पैसे देण्यापूर्वी समजून घ्यावे. प्रवेशशुल्कात मिळणाऱ्या काही चिप्स केवळ खेळण्यासाठी असतात आणि रोखीत बदलून मिळत नाहीत. जिंकलेल्या रकमेवर ३० टक्के दराने आयकर व त्यावरील उपकर असतो. या उत्पन्नातून अन्य दिवशीची हार वा प्रवासखर्च वजा करता येत नाही. म्हणजे कायद्याच्या दृष्टीने जीत मोजली जाते, हार मोजली जात नाही.

८. पैशाची मर्यादा

वरील सर्व विवेचनाचा व्यवहारातील अर्थ पुढील काही नियमांत सांगता येईल.

घरातून निघण्यापूर्वीच त्या रात्रीची रक्कम ठरवावी आणि ती खर्ची पडली असे समजूनच निघावे. पतसंस्थेचे कर्ज, कारखान्यातून घेतलेली उचल, हातउसने पैसे किंवा भिशीचा हप्ता यांपैकी काहीही टेबलावर येऊ नये. बँकेचे कार्ड मुक्कामाच्या ठिकाणी ठेवावे, आणि मित्रांनी टेबलावर एकमेकांस उसने न देण्याचे आधीच ठरवावे. ‘उद्या देतो’ म्हणून घेतलेले पैसे हेच मर्यादा मोडण्याचे सर्वांत सोपे साधन असते.

ठरलेल्या रकमेचे दोन भाग करावेत व एका वेळी एकच भाग टेबलावर आणावा. सामान्यतः बिग ब्लाइंडच्या शंभर पट रक्कम घेऊन बसण्याची पद्धत आहे. म्हणजे ५० व १०० रुपयांच्या ब्लाइंडच्या टेबलावर १०,००० रुपये लागतात. ही रक्कम ठरलेल्या मर्यादेत बसत नसेल तर ते टेबल आपले नाही असे समजावे. अशा वेळी लहान प्रवेशशुल्काची स्पर्धा हा बरा पर्याय ठरतो. तेथे पुन्हा प्रवेश घेतला नाही तर शुल्काहून अधिक तोटा होत नाही, आणि टेबलावरील रीत शिकण्यास वेळही अधिक मिळतो.

उठण्याची वेळ घड्याळाने ठरवावी, निकालाने नव्हे. दिवसपाळी करून, घाट उतरून आलेल्या मनुष्याचा निर्णय पहाटे तीन वाजता रात्री दहासारखा राहत नाही. प्रवेशशुल्कात पेयांचा समावेश असला तरी खेळताना मद्य घेऊ नये. पोकरमध्ये हरलेली रक्कम रूलेट वा तीन पत्तीच्या टेबलावर ‘भरून काढण्यासाठी’ जाऊ नये, कारण तेथे चार टप्प्यांवर विचार करून वाचविलेले पैसे विचाराला वावच नसलेल्या खेळात जातात. लागोपाठच्या हारीने चिडून मोठी रक्कम लावावीशी वाटू लागली, की तो डाव सोडून टेबलावरून उठावे.

घरात खोटे सांगून जाणे, हार लपविणे, कर्ज फेडण्यासाठी पुन्हा खेळणे ही लक्षणे दिसू लागली तर प्रश्न खेळाचा उरत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या रोगवर्गीकरणात जुगाराच्या विकाराची स्वतंत्र नोंद आहे. केंद्र सरकारच्या टेली-मानस सेवेचा १४४१६ हा दूरध्वनी क्रमांक अशा प्रसंगी मराठीतही मदतीसाठी उपलब्ध आहे, आणि तो विद्यार्थी व पालक या दोघांसही ठाऊक असावा.

९. समारोप

थेट कॅसिनोतील पोकर हा खेळ केवळ नशिबाचा नाही, हे वरील गणितावरून स्पष्ट होते. परंतु त्यातील कौशल्य ज्याच्यापाशी आहे त्यालाच त्याचा लाभ होतो, आणि नवशिका हा व्याख्येनेच त्याच्याकडून शिकणारा, म्हणजे त्यास शुल्क देणारा असतो. हे शुल्क किती द्यावयाचे हे टेबलावर नव्हे, तर शिरोलीतून निघण्यापूर्वी घरी ठरवावयाचे असते.

अध्यापकांच्या दृष्टीने या विषयाचे आणखी एक अंग आहे. संभाव्यतेचा पाठ नाणे आणि फासे यांच्या उदाहरणांनी शिकविला जातो व परीक्षेनंतर विस्मरणात जातो. सिक्वेन्स मोठा की कलर, आणि तीन पत्त्यांत एक तर पाच पत्त्यांत दुसरा का मोठा, या प्रश्नाने तोच पाठ विद्यार्थ्याच्या अनुभवाशी जोडता येतो. रेकचे साधे गुणाकार फळ्यावर मांडले तर कॅसिनोचे उत्पन्न कोठून येते हे त्यास आपोआप कळते. एवढे कळल्यानंतर तो तरुण मांडवीच्या काठी जाईल किंवा जाणार नाही. मात्र गेलाच तर महिन्याचा पगार घेऊन जाणार नाही, आणि जिंकून परतला तरी त्या एका रात्रीच्या भरवशावर पुढच्या महिन्याची उचल घेणार नाही, अशी अपेक्षा बाळगण्यास निश्चितच आधार मिळतो.